मुलीला आजोबांच्या तमाशाचा अभिमान आहे. अडखळतो आहोत ते आम्हीच

पिंपरीवासी

नमस्कार.

माझी मुलगी सहावीत शिकते. तिच्या शाळेत लवकरच आजी-आजोबा दिवस साजरा होणार आहे आणि त्या दिवशी प्रत्येक वर्गातील काही मुलांनी आपल्या आजीचे किंवा आजोबांचे काम, कला अथवा आठवणी सर्वांसमोर मांडायच्या आहेत. मुलीने घरी कोणालाही न विचारता स्वतःचे नाव दिले आणि विषयाच्या रकान्यात लिहिले, 'माझे आबा तमाशात हलगी वाजवायचे.'

माझे वडील मूळचे वाळवा तालुक्यातले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी ढोलकीफडाच्या तमाशात काढली. दसऱ्याला फडाचा नारळ फुटला की घर सोडायचे आणि वैशाखातल्या जत्रा आटोपल्या की पावसाच्या तोंडावर परत यायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे फड कर्जात गेला, मालकाने गाड्या विकल्या आणि वडिलांनी साखर कारखान्यावर हंगामी काम धरले. माझ्या नोकरीमुळे ते पिंपरीला आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक पत्र्याची पेटी होती. जुनी हस्तपत्रके, थोडी छायाचित्रे आणि धोतरात गुंडाळलेली हलगी, एवढाच तिच्यातला ऐवज.

ती पेटी नातीने उघडायला लावली. आता सुटीच्या दिवशी सकाळी आबा गच्चीवर जुन्या घमेल्यात कागद आणि नारळाच्या शेंड्या पेटवतात, हलगीचे कातडे त्या धगीसमोर धरून कडे हळूहळू फिरवत राहतात, मध्येच नखाने टिचकी मारून कान देतात आणि आवाज मनासारखा चढला की मगच टिपरू हातात घेतात. मुलगी शेजारी उकिडवी बसून 'अजून नाही, आबा, अजून नाही' असे सांगत असते आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघतो. मैत्रिणींना ती हे सगळे अशा तोऱ्यात सांगते, की ऐकणाऱ्याला वाटावे, हलगी हीच वाजवत होती.

अडचण आमची आहे. आमच्या लहानपणी हा विषय उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही असा घरातला अलिखित नियम होता. हलगी म्हटले की पुढचा प्रश्न जातीचा असतो आणि तमाशा म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावरचे हसू ठरलेले असते, हे आम्ही दोघे भाऊ फार लवकर शिकलो. धाकट्या भावाने कालच फोन करून सांगितले, 'दादा, पोरीला एखादा पोवाडा म्हणायला लाव, पण हे नको.' माझ्या पत्नीचे मत अगदी उलट आहे. वडील मात्र काहीच बोलत नाहीत. विषय निघाला की 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून गच्चीवर निघून जातात.

मुलीला हे मांडू द्यावे काय, आणि द्यायचे असेल तर तिला किती सांगावे? तमाशातले जगणे, त्यातील स्त्रियांची स्थिती, हलगीशी जोडलेली जात, या सगळ्याची ओळख अकरा-बारा वर्षांच्या मुलीला कशी करून द्यावी? ज्यांच्या घरी असा वारसा आहे किंवा जे मुलांना शिकवतात, त्यांचे मत वाचायला आवडेल.

---

जुन्नरची

आपल्या प्रश्नात मुलीचे म्हणणे आहे, भावाचे आहे, वहिनींचे आहे. ज्यांच्याबद्दल हे सगळे चालले आहे त्यांचे मात्र एकच वाक्य आहे. 'तुमचं तुम्ही बघा' याचा अर्थ आपण नकार असा लावला असेल तर थोडे थांबावे, असे मी सुचवीन.

माझी आजी, म्हणजे आईची आई, फडात गाणारी होती. घरातली मोठी माणसे तिला त्या दिवसांबद्दल विचारत ती एकतर दबकत किंवा कणव दाखवत, आणि त्या दोन्हींवर तिचे उत्तर ठरलेले असे, 'पोटासाठी केलं.' आम्ही नातवंडे तिला कामाबद्दल विचारू लागलो तेव्हा तीच आजी तासन्‌तास बोलू लागली. गवळणीतली मावशी पुरुषच का रंगवतो, एका रात्रीत किती वेळा लुगडे बदलावे लागे, वग, म्हणजे तमाशातले शेवटचे नाट्य, पहाटेपर्यंत लांबला आणि सोंगाड्याचा घसा बसला तर वेळ कशी मारून नेत, समोरचे गाव रसिक आहे की टवाळ हे पहिल्या चार ओळींत कसे कळे, हे तिने आम्हाला एखाद्या उस्तादाच्या अधिकाराने सांगितले. मनात काय होते हे विचारले की ती गप्प होई. हात काय करत होते हे विचारले की खुले.

आबांनाही तसेच विचारावे. तमाशाची सुरुवात त्यांच्या वाद्याने होते, हे मुलीला ठाऊक आहे काय? गणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या वंदनाच्या, आधी ढोलकी, हलगी आणि तिच्या जोडीचे कडे हे वाद्य यांची सलामी झडते, ती ऐकून लांबलांबची माणसे कनातीच्या दिशेने चालू लागतात आणि प्रेक्षक पुरेसे जमले नसतील तर सलामी लांबवण्याची जबाबदारी वाजवणाऱ्यावर येते. मग गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. आबांचा हात सर्वांत जास्त कुठे चाले, वगात लढाईचा प्रसंग आला की ते काय वाजवत, ढोलकीवाल्याशी त्यांचे डोळ्यांनी काय बोलणे होई, हे विचारून पाहावे. जत्रेत रात्रीचा खेळ संपवून, गाडीतच डुलकी काढून, सकाळी पुन्हा हजेरीच्या कार्यक्रमाला उभे राहायचे म्हणजे अंगात किती बळ लागत असेल, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. आमच्या नारायणगावात आजही जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी तिथे सुपारी ठरवायला येतात. शक्य असेल तर एकदा आबांना आणि नातीला तिथे घेऊन यावे. राहुटीत बसलेल्या व्यवस्थापकांपैकी एखादा जुना ओळखीचा निघण्याची शक्यता बरीच आहे.

आता दुसरी बाजू. फडातल्या मुलांची शाळा दर गावाला तुटत असे, म्हणून आजीने माझ्या आईला नात्यातल्या एका घरी ठेवले आणि आईने आपले बालपण आईवाचून काढले. याचा सल आईच्या मनातून गेलेला नाही. आम्ही आजीचे गुणगान सुरू केले की ती उठून स्वयंपाकघरात जाते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवाची पावती मिळाली आणि तरीही २००२ मध्ये त्या गेल्या त्याआधीची त्यांची वर्षे हलाखीची होती, हे आमच्या तालुक्याने पाहिलेले आहे. नातवंडांना अभिमान वाटणे सोपे असते, कारण त्याची किंमत मधल्या पिढीने चुकती केलेली असते. आपल्या भावाचे म्हणणे मला म्हणूनच अगदीच टाकाऊ वाटत नाही. ते भित्रेपणाचे आहे असे ठरवून मोकळे होऊ नये.

एक व्यवहाराची गोष्ट, जी कदाचित कोणी सांगणार नाही. मुलगी तक्ता करणार असेल तर पेटीतली मूळ हस्तपत्रके त्यावर चिकटवू देऊ नका. त्यांच्या छायाप्रती वापरा. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देणारी सरकारी योजना राज्यात १९५४-५५ पासून चालू आहे आणि तिच्या अर्जासोबत कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्यावर आबांचे नाव छापलेले आहे असे एखादे हस्तपत्रक निघाले तर ते डिंक लावून वाया घालवण्याची वस्तू नव्हे. माझ्या आजीकडे असा एकही कागद नव्हता.

---

स्पष्टवक्ता

मत थोडे वेगळे आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो. शाळा म्हणजे लोककलेचे संमेलन नव्हे. तिथे सहावीची मुले असतात आणि सहावीच्या मुलांना चिडवायला एक शब्द पुरतो. कार्यक्रमात टाळ्या पडतील, मुख्याध्यापक पाठ थोपटतील, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत कोणीतरी त्या मुलीला 'तमाशावाली' म्हणेल. तेव्हा तिथे ना आपण असाल, ना आबा. मुलीला अभिमान आहे ना, मग तो घरात भरपूर वाटू द्यावा. तिला हलगी शिकवावी. वारसा चारचौघांत सिद्ध करायचा कशासाठी? भावाचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे.

---

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि असे दिवस आमच्याकडेही होतात, त्यामुळे 'स्पष्टवक्ता' यांची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. मुले चिडवतात. परंतु मुले कशाला चिडवतात, हे पाहिले तर उत्तर थोडे बदलते. ज्या गोष्टीबद्दल बोलणारा स्वतःच चाचरतो, तिथे त्यांना फट सापडते. या मुलीने नाव दिले तेच मुळी न चाचरता. आता घरातल्यांनी तिला मागे ओढले, तर आबांच्या कामात काहीतरी लपवण्यासारखे आहे ही पहिली बातमी तिला वर्गाकडून नव्हे, आई-वडिलांकडून मिळेल.

मांडणीबद्दल माझे म्हणणे असे, की प्रस्तावना करूच नये. 'लोककला हा महाराष्ट्राचा अनमोल ठेवा आहे' अशा वाक्याने सुरुवात झाली की मागच्या रांगा गप्पांना लागतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. आबांनी किंवा मुलीने आधी हलगी वाजवावी. बंद सभागृहात हलगीचा कडकडाट झाल्यावर मुलांचे लक्ष वेधून घेण्यासाठी दुसरे काही करावे लागत नाही. त्यानंतर मुलीने आबांना प्रश्न विचारावेत आणि आबांनी उत्तरे द्यावीत. मुलगी आजोबांबद्दल बोलते आहे आणि आजोबा बाजूला खुर्चीत प्रदर्शनातल्या वस्तूसारखे बसले आहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही. त्यांना बोलायचे नसेल तर त्यांनी फक्त वाजवावे, तेही पुरेसे आहे. मात्र मुलीला नऊवारी नेसवून शेवटी लावणीचा तुकडा करवून घ्यावा असे कोणी सुचवले, आणि कोणीतरी सुचवेलच, तर स्पष्ट नकार द्यावा. आबा हलगीवादक होते. कार्यक्रम हलगीचा असावा.

मुले प्रश्न विचारतील आणि त्यातला पहिला नाचणाऱ्या बायकांबद्दल असेल. त्याचे उत्तर मुलीजवळ तयार असावे, आणि ते खरे असावे. त्या कलावंत होत्या, रात्रभर गात आणि नाचत, त्यांच्या कमाईवर मोठी कुटुंबे जगत, आणि बघायला येणारे काही लोक त्यांच्याशी वाईट वागत. एवढे सहावीच्या मुलांना नीट समजते. हवे तर यमुनाबाई वाईकरांचे नाव घ्यावे. कोल्हाटी समाजात जन्मून, गरिबीतून वर येऊन, लावणीच्या अदाकारीवर त्यांनी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला आणि २०१२ साली पद्मश्री. पण हे नाव जोडीला असावे. पद्मश्रीच्या आधाराने आबांना मोठे करायला जाऊ नये, नाहीतर ज्यांना पुरस्कार मिळाला नाही ते सगळे आपोआप लहान ठरतात, आणि आबाही त्यांतच आले.

वर्गशिक्षिकांना आधी भेटून घ्यावे. चिडवण्याचा प्रकार झाला तर तो हाताळणे हे शिक्षकांचे काम आहे, मुलीचे नव्हे, हे शांतपणे पण स्पष्टपणे बोलून ठेवावे. जातीवरून काही बोलले गेले तर ते 'मुलांची गंमत' या सदरात टाकता येणार नाही, हेही.

---

निळी पहाट

वरची सर्व मते वाचली. सगळे तमाशाबद्दल बोलत आहेत. हलगीबद्दल कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो.

हलगीला दोन इतिहास आहेत. एक फडातला, ज्याचे वर्णन 'जुन्नरची' यांनी सुरेख केले आहे. दुसरा गावातला. तिथे हलगी वाजवणे ही कला नव्हती, ते जातीने गळ्यात बांधलेले काम होते. दवंडी पिटायची, जत्रेत देवाच्या पुढे वाजवत चालायचे पण देवळात शिरायचे नाही, मयताच्या पुढे वाजवायचे, आणि त्याचा मोबदला म्हणजे बलुत्याचे चार दाणे किंवा शिळी भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन, म्हणजे पिढीजात गावकामाच्या, कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते या बांधलेल्या गावकीच्या कामांतून माणसे सुटावीत म्हणून. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. त्या काळात आमच्यासारख्या अनेक घरांनी हलगी खुंटीवरून काढली आणि पुन्हा हातात धरली नाही. माझ्या आजोबांनी ती जाळली. आमच्या घरात अभिमानाने सांगितली जाते ती गोष्ट ही आहे.

यावरून कोणी असे समजू नये की मी आपल्या मुलीच्या विरोधात आहे. आबांनी जे केले ते गावकीचे काम नव्हते, हा फरक तिला समजावून सांगावा एवढेच माझे म्हणणे आहे. ज्या वाद्यामुळे गाव त्यांना बांधून ठेवत होते, तेच वाद्य घेऊन ते फडात गेले, तिथे त्यांच्या हाताला पैसे मिळाले आणि हस्तपत्रकावर नाव छापले गेले. जातीने हातात दिलेली वस्तू त्यांनी स्वतःच्या अटींवर वाजवली. अर्थात फडातही सगळे गोडीगुलाबीचे नव्हते आणि कनातीबाहेर त्यांची जात कोणी विसरले नव्हते, पण तरीही फरक होता आणि तो मोठा होता.

वाळवा तालुक्याचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १९२० चा. ते घडले नात्यातल्याच फडात. पुढे १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनी तमाशाचा साचा टाकून दिला नाही, तो आतून बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले आणि वगात राजाराणीच्या जागी गिरणी कामगार, सावकार आणि पुढारी उभे राहिले. त्याआधी सत्यशोधकांचे आणि आंबेडकरी जलसे, म्हणजे समाजजागृतीचे गाण्या-नाट्याचे कार्यक्रम, याच साच्यावर उभे राहिले होते; त्यांनी शृंगार वगळला, पण ढोलकी आणि सवाल-जवाब ठेवले. मुलीला आबांच्या मागे उभी असलेली ही रांग दाखवा. तिच्या वयाच्या मुलांना अन्याय म्हणजे काय हे आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर कळते. त्यांना कळत नाही ते आपण का कुजबुजतो आहोत हे.

'स्पष्टवक्ता' यांना एक विनंती. 'तमाशावाली' म्हणणाऱ्या मुलाच्या घरी काय बोलले जाते, याची काळजी त्या मुलाच्या आई-वडिलांनी करावी. दर वेळी आमच्याच मुलींनी घरात बसून अभिमान का वाटून घ्यावा?

---

स्पष्टवक्ता

'निळी पहाट', मुद्दा मान्य. मी मुलीच्या बाजूनेच बोलत होतो, पण सोय कोणाची पाहत होतो हा प्रश्न उरतो खरा. मधल्या सुटीबद्दलची काळजी मात्र मी मागे घेत नाही. 'खडूफळा' यांनी सांगितल्याप्रमाणे शिक्षिकांशी बोलणे झाल्याशिवाय कार्यक्रम करू नये.

---

पिंपरीवासी

सर्वांचे मनापासून आभार. 'जुन्नरची' यांच्या सूचनेप्रमाणे मी रविवारी गच्चीवर वडिलांजवळ बसलो आणि सलामीच्या वेळी गर्दी जमली नसेल तर काय करत असत, एवढेच विचारले. उत्तर जेवणाची वेळ टळून गेली तरी चालूच होते. उजव्या हातातले टिपरू जाड आणि डाव्या हातातली काडी बारीक का असते, हे मी या वयात प्रथम ऐकले. ठोका उजवा हात देतो, आणि दोन ठोक्यांमधली जागा डाव्या हाताची काडी भरत राहते. ऐकणाऱ्याला वाटते दोन माणसे वाजवत आहेत. माझ्या मुलीला हे आधीच ठाऊक होते आणि मला ठाऊक नव्हते याचे तिला फार आश्चर्य वाटले.

शाळेबद्दल विचारले तेव्हा त्यांनी हो म्हटले, पण अटी घातल्या. फेटा बांधणार नाही, कारण फडात फेटा शाहिराला असे आणि ते साध्या टोपीत वाजवत. कार्यक्रमाची चित्रफीत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायची नाही. आणि गावकीत वाजवले का असे कोणी विचारले तर ते खरे उत्तर देणार, त्या वेळी मी मध्ये बोलायचे नाही. त्यांच्या वडिलांनी गावकीत वाजवले होते आणि त्यांनी स्वतः पोरवयात वाजवलेले आहे. 'निळी पहाट' यांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. आजोबांनी हलगी जाळली हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाले, 'बरोबर केलं त्यानं.' नंतर थोड्या वेळाने म्हणाले, 'मला जाळवली नसती.'

भावाशी बोलणे झाले आहे. तो कार्यक्रमाला येणार नाही. 'जुन्नरची' यांच्या आईंबद्दल वाचल्यानंतर मी त्याला आग्रह केला नाही. वर्गशिक्षिका समजूतदार आहेत आणि त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवले आहे.

आता एक अगदी व्यावहारिक अडचण उरली आहे. कार्यक्रम बंद सभागृहात आहे, बाहेर पाऊस, आणि शाळेत जाळ करू देणार नाहीत हे उघड आहे. न तापवता हलगी वाजवणे वडिलांना मान्य नाही. काय करावे?

---

कैताळ

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या तालावर मर्दानी खेळ चालतात आणि कुस्तीच्या मैदानातही हलगी लागतेच, त्यामुळे पावसाळ्यातला हा प्रश्न रोजचा आहे. आमच्या पथकात आता सगळ्या जातींची पोरे हलगी शिकतात. शिकवणारे वस्ताद मात्र अजून जुन्या वाजवणाऱ्या घरांतलेच आहेत आणि त्यांना किती पैसे मिळतात हा वेगळा विषय आहे.

कातडे हवेतली ओल पिते आणि सैल पडते, म्हणून आवाज बसतो. जाळाची गरज नाही, कोरड्या उष्णतेची आहे. आदल्या दिवशी ऊन पडले तर हलगी गच्चीवर ठेवावी आणि नंतर कोरड्या सुती कापडात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. सभागृहात केस वाळवण्याचे यंत्र न्यावे. ते कातड्यापासून वीतभर लांब धरून, कडे फिरवत फिरवत, कडेकडेने उष्णता द्यावी. एकाच जागी धरले तर कातडे तडकते, आणि जुने कातडे असेल तर लवकरच. आबांना हे यंत्र पाहून हसू येईल, आमच्या वस्तादांनाही आले होते, पण आवाज चढल्यावर त्यांनी मान हलवली. तापवलेली हलगी पावसाळी हवेत फार वेळ टिकत नाही, तेव्हा ज्यांचा कार्यक्रम आधी आहे त्यांचे आटोपत आले की मगच सुरुवात करावी.

बाजारात फायबरच्या पानाची हलगी मिळते, तिला तापवावे लागत नाही. सरावासाठी मुलीला ती घेऊन द्यायला हरकत नाही, पण तिचा आवाज कोरडा येतो आणि आबा ती हातात धरतील असे वाटत नाही. व्यासपीठाजवळ विजेचे बटण चालू आहे की नाही, ते मात्र आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. शाळेच्या सभागृहांत निम्मी बटणे बंद असतात.